सुकाणूच्या पोस्टमधला खेळ: तासगावच्या शेडमधल्या नोंदी

बोट 24 फुटी, फायबरची, शिडाची, कील (तळाखालचं उभं पातं) वर उचलून घेता येणारी. सुकाणू तळाखाली टांगलेलं आहे. त्याची 40 मिलिमीटरची स्टेनलेस पोस्ट तळातल्या फायबरच्या नळीतून वर कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या बसायच्या जागेत, येते आणि डोक्यावर टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, बसतो. नळीच्या खालच्या तोंडाशी एक बुश (पोस्ट ज्यात फिरते ते कडं), वरच्या तोंडाशी दुसरं.

तक्रार खेळाची, म्हणजे सैलपणाने होणाऱ्या हालचालीची: मागून लाट आली की तळाशी ठक्ठक् वाजायचं आणि टिलर हातात थरथरायचा. खालचं बुश दोनच हंगामांपूर्वी नवीन टाकलेलं होतं. इतक्या लवकर ते का गेलं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुन्हा नवीन बुश ठोकायचं नाही, असं ठरवून काम सुरू केलं. अशी बोट असलेल्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून या नोंदी.

29 मे

बोट रत्नागिरीहून ट्रेलरवर आंबा घाटातून आणली. घाटात पाऊस लागायच्या आत आणायची होती. शिवाय 1 जूनला मासेमारी बंदी सुरू होते, मासेमारीच्या बोटी एकदम वर चढतात आणि मग क्रेन मिळत नाही.

इतक्या लांब आणायचं कारण म्हणजे हवा. पावसाळ्यात रत्नागिरीला फायबरचं काम होत नाही, रेझिन (फायबरला घट्ट करणारा चिकट द्रव) धड धरत नाही. तासगावचा पाऊस त्यामानाने कितीतरी कमी. मामेभावाच्या द्राक्षबागेजवळ पत्र्याची शेड आहे, बेदाण्याचा हंगाम संपला की रिकामीच असते. आणि लेथचं काम म्हणाल तर कुपवाड एमआयडीसी जवळच. या पट्ट्यात, पलूस-किर्लोस्करवाडीपासून मिरजेपर्यंत, पंपाचं काम केलेले हात आहेत. पाण्यात फिरणाऱ्या शाफ्टचं बुश त्यांना नवीन नाही.

वाहतूक 16,000 रुपये, हायड्रा (क्रेन) 3,500.

1 जून

काहीही खोलायच्या आधी मापं घेतली. याला सुट्टी देऊ नका. एकदा पोस्ट बाहेर आली की खेळ कुठे होता ते दाखवायला काही उरत नाही.

टिलर घट्ट बांधून ठेवला. एकाने पात्याचं खालचं टोक डावी-उजवीकडे ढकलायचं, दुसऱ्याने स्टीलची पट्टी धरून वाचायचं. टोकाला 11 मिलिमीटर खेळ. वर, पोस्टच्या डोक्याशी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावलं तर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. पातं पोस्टवर सैल झालंय का तेही बघितलं: पोस्टचं डोकं धरून पातं पिळलं, दोन्हींच्या मध्ये हालचाल नाही. पोस्टला वेल्ड केलेल्या आतल्या पट्ट्या शाबूत आहेत, ही चांगली बातमी. त्या गेल्या असत्या तर पातं फाडावं लागलं असतं.

टिलरच्या बोल्टचं भोक मात्र लंबगोल झालेलं. ते 10 वरून 12 मिलिमीटर करून नवीन बोल्ट घातला. अर्ध्या तासाचं काम. टिलरची निम्मी थरथर तिथेच गेली, पण ठक्ठक् ती नव्हे.

5 जून

सुकाणू खाली काढायचं तर पोस्टच्या लांबीइतकी जागा खाली हवी. बोट आणखी उचलण्यापेक्षा शेडमध्येच मागच्या बाजूला पाऊण मीटर खड्डा खणला. वर मुरूम होता, खाली काळी माती. पुढे पाऊस झाल्यावर खड्ड्यात पाणी साचलं आणि कडा ढासळल्या, म्हणून खणतानाच कडेला फळ्या लावून घ्या.

पातं साखळी पुलीवर घेतलं, वरची कॉलर (पोस्टला खाली घसरू न देणारं कडं) सोडली आणि हळूहळू खाली सोडलं. पातं-पोस्ट मिळून चाळीस किलोच्या आसपास. पोस्टवर खालच्या बुशच्या जागी चकचकीत पट्टा झिजलेला: तिथे 39.75, बाकी पोस्ट 39.95.

पात्याच्या खालच्या कडेला बारीक ड्रिल मारून ठेवलं. थोडं स्वच्छ पाणी ठिबकलं. तपकिरी पाणी आलं असतं तर आतलं लोखंड गंजतंय असं समजून पुढचा सगळा बेत बदलावा लागला असता.

6 जून

आज सगळ्यात महत्त्वाचं काम कागद-पेन्सिलीने झालं.

खालच्या बुशचा बोअर, म्हणजे आतला व्यास, आडव्या दिशेने 41.4. पोस्ट तिथे 39.75, म्हणजे फट 1.65. वरचा बोअर 40.3, पोस्ट 39.95, फट 0.35. दोन बुशांमधलं अंतर 620, खालच्या बुशपासून पात्याचं टोक 900 मिलिमीटर. पोस्ट खाली एका बाजूला आणि वर दुसऱ्या बाजूला टेकली तर टोकाची एकूण हालचाल होते खालची फट, अधिक दोन्ही फटींची बेरीज गुणिले 900 भागिले 620. म्हणजे 1.65 अधिक 2.9. साडेचार मिलिमीटर.

मोजलेला खेळ 11 होता. साडेसहा मिलिमीटरचा हिशोब लागत नाही.

बुशने दिलेला खेळ निम्म्याहूनही कमी. मग उरलेलं कोण हलतंय? नळीच्या आतून जाडजूड वासा घातला, बोटीच्या आतल्या लॉकरमध्ये (सामानाच्या कप्प्यात) नळीच्या बुडाला डायल गेजचा काटा टेकवला (फायबरला चुंबक धरत नाही, स्टँड लोखंडी पाट्याला चिकटवून पाटा क्लॅम्प केला) आणि खालून मामेभावाला वासा ढकलायला सांगितला. काटा दोन मिलिमीटरच्या पुढे गेला. नळीच हलतेय. बुडाशी अडीच मिलिमीटर म्हणजे पात्याच्या टोकाला सहाच्या वर, हिशोब जुळला.

आता जुन्या बुशकडे बघितल्यावर त्याची झीजही समजली. दोन्ही तोंडांना पसरट आणि मध्ये कमी, कर्ण्यासारखी. सरळ नळीतलं बुश असं झिजत नाही. नळी झुकली की पोस्ट बुशच्या कडेवर घासते, कड खाते, फट वाढते, धक्का वाढतो आणि नळी आणखी सैल होते. दोन हंगामांत बुश संपायचं कारण हे. त्या वेळी फक्त बुश बदलून मिळालं होतं, नळीला कोणी हात लावला नव्हता.

9 जून

कुपवाडला टर्नरकडे. वयस्कर मिस्त्री, आयुष्य पंपांच्या कामात गेलेलं. मी सोबत नायलॉनचा रॉड घेऊन गेलो होतो, दुकानात तोच सहज मिळाला. त्यांनी हातात घेतला आणि परत ठेवला.

"पाण्यातलं बुश हाय म्हणता आणि नायलॉन घालताय? नायलॉन पाणी पितंय की. फुगलं म्हंजे शाफ्ट धरून बसंल."

बरोबर आहे. नायलॉन 6 पूर्ण भिजलं की वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, अॅसिटल हे दुसरं प्लास्टिक एक टक्क्याच्या आत राहतं. मिस्त्रींचा स्वतःचा कल गनमेटलकडे (तांब्याच्या मिश्रधातूकडे) होता. ते टिकतं यात शंका नाही. पण आमची बोट खाडीच्या तोंडाशी उभी असते, पाण्यात गाळ आणि बारीक वाळू. बुश कठीण ठेवलं तर झीज पोस्टच्या वाट्याला येणार, आणि पोस्ट बदलणं म्हणजे सुकाणू नवीन करणं. झिजायचंच असेल तर बुशने झिजावं. म्हणून अॅसिटल ठरलं.

तरी डोळ्यांनी बघावं म्हणून नायलॉन आणि अॅसिटलचं एकेक कडं कापून बादलीत ठेवायचं म्हटलं. त्यावर त्यांनी दिलेला सल्ला सोन्याचा: "नुसतं कडं भिजवू नका. पायपाच्या तुकड्यात दाबून बसवा आणि मग भिजवा." मोकळं कडं सगळीकडून फुगतं, त्याचा बोअर उलट मोठा होतो आणि आपण निश्चिंत होतो. बाहेरून अडवलेलं असलं की फुगायला जागा आतच. दोन्ही कडी पाइपात दाबून, बोअर मोजून, मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवली.

पोस्ट लेथवर घेऊन झिजलेला पट्टा साफ करता येईल का, तेही विचारलं. पातं जोडलेलं असल्याने ते लेथच्या बेडला आपटणार, चकमध्ये (लेथच्या पकडीत) घ्यायला त्यांनी नकार दिला. त्यांनीच दुसरा मार्ग सुचवला. जुनं बुश 60 मिलिमीटर लांब होतं, नवीन 90 करा. पोस्टच्या न झिजलेल्या भागावर ते टेकेल. पट्ट्याच्या कडा फक्त हाताने एमरी पेपरने उतरवून घ्या. एमरी नवीन वापरा, लोखंडावर घासलेली चालणार नाही. तिच्यातले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तिथून गंज धरतो.

14 जून

लॉकरमध्ये आडवं पडून, मास्क-चष्मा लावून नळीच्या बुडाचं जुनं फायबर ग्राइंडरने उतरवलं. अंगाला खाज किती सुटते ते लिहून कळणार नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाला चिकटपट्टी, एवढं कराच.

रंग गेल्यावर भेग दिसली. नळीच्या घेराच्या जवळपास एक तृतीयांशात, नळी आणि तळ यांच्या सांध्यात. कारखान्यात सांध्यावर पुट्टीचा गोलावा देऊन मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांच्या चादरीचे) दोन पातळ थर टाकलेले होते, बस्स. पात्यावर आडवा येणारा सगळा जोर याच सांध्यावर येतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना सांधा वरून ठीक वाटत होता, पण नाण्याने ठोकल्यावर आवाज पोकळ. घट्ट आवाज येईपर्यंत उतरवत गेलो. शेवटी पूर्ण घेर उघडा केला, आणि जाडीच्या बारापट रुंदीचा उतार देऊन कडा निमुळत्या केल्या.

19 जून

सांगलीत पाण्याच्या टाक्या आणि गाडीच्या बॉडीची फायबरची कामं करणारे बरेच आहेत. त्यांचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, पण जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर ते इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनइतकं धरत नाही. इथे चिकटणं हाच तर मुद्दा. इपॉक्सी घेतलं, तीन किलो, 2,900 रुपये.

इपॉक्सीबरोबर नेहमीची तुकड्यांची मॅट घेऊ नका. तिच्यातला बाइंडर (तुकडे धरून ठेवणारा चिकटा) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. आम्ही विणलेलं कापड वापरलं.

एरोसिल (घट्ट करणारी बारीक पूड) घालून लोण्यासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी आधी भेगेत दाबलं, सांध्यात गोलावा दिला आणि तो अर्धवट ओला असतानाच कापडाचे पहिले तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद.

21 जून

काल दिवसभर रिपरिप. आज पृष्ठभागावर मेणचट, तेलकट साय. दमट हवेत इपॉक्सीत मिसळलेला हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून ही साय धरतो. तिच्यावर पुढचा थर चढवला तर तो सुटणार. अॅसिटोनने पुसायचा मोह होतो, पण त्याने ती पसरते. साधं पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर. धुतलं, वाळवलं, पॉलिश पेपर मारला.

यात दोन दिवस गेले. पुढच्या थरांच्या वेळी लॉकरमध्ये हॅलोजनचा दिवा आदल्या रात्रीपासून लावून ठेवला आणि थर कडक झाल्यावरही तो काढला नाही. साय पुन्हा आली नाही.

27 जून

नळीला चार दिशांनी आधाराच्या पट्ट्या. 12 मिलिमीटरच्या मरीन प्लायचे त्रिकोण, एक बाजू नळीला, एक तळाला, सगळ्यांवर कापडाचे थर. कापडाने नळीचा सांधा मजबूत झाला होताच, पण नळीला झुकू न देण्याचं काम त्रिकोण करतात. प्लायच्या कडा इपॉक्सीने भरून बंद केल्या. उघडी कड पाणी शोषते.

वासा घालून पुन्हा ढकलून बघितलं, पूर्ण जोर लावून. काटा 0.1 च्या आत.

2 जुलै

बादलीतली कडी काढली. पाइपातल्या नायलॉनचा बोअर पाव मिलिमीटर आकसलेला आणि अजून आकसणार, कारण जाड नायलॉन भिजायला महिने लागतात. अॅसिटलचा फरक 0.03. ज्या बोटी हिवाळ्यात मस्त चालतात आणि मेपर्यंत टिलर जड होतो, त्यांनी आपलं बुश कशाचं आहे ते जरूर बघावं.

मिस्त्रींनी दोन्ही बुश अॅसिटलचे फिरवून दिले. बोअर 40.25, म्हणजे पोस्टवर 0.3 फट. बाहेरचा व्यास नळीपेक्षा दोन मिलिमीटर कमी. तो का, ते पुढच्या नोंदीत. खालच्या बुशला तळाशी पाच मिलिमीटरची कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड, तिच्यात स्क्रूसाठी तीन भोकं. बाहेरच्या अंगाला उभे खाचे. रॉड 1,100, मजुरी 2,200.

6 जुलै

नळी जुनी, आतून लंबगोल झालेली, आणि वरची-खालची तोंडं एका रेषेत आहेत याची खात्री नाही. अशा नळीत बुश ठोकून बसवलं तर ते नळीची रेषा घेणार आणि पोस्ट अडकणार. म्हणून बुश सैल ठेवून, पोस्टनेच त्यांना एका रेषेत धरायचं आणि भोवतालची जागा घट्ट इपॉक्सीने भरायची.

लेव्हल पाइपने बोट आडवी समतल केली. पोस्टला मेणाचे चार हात आणि 0.1 मिलिमीटरच्या पारदर्शक प्लास्टिक शीटचा एक वेढा, म्हणजे बुशच्या मधोमध राहील. कीलच्या मध्यरेषेतून मागे दोरी ताणली, पात्याला ओळंबा लावला, पाचर मारून जागेवर आणलं. मग वरून घट्ट मिश्रण भरलं.

7 जुलै

वरचं बुश उत्तम. खालचं ठोकल्यावर निम्म्या घेरात पोकळ. एक मिलिमीटरच्या फटीतून वरून ढकललेलं मिश्रण खालपर्यंत पोचायच्या आत हवा अडकली, आणि जे पोचलं ते घट्ट व्हायच्या आधी ओघळून खाली आलं.

इथे अॅसिटलचा एक अवगुण कामाला आला. त्याला इपॉक्सी चिकटत नाही. पोस्ट खाली घेतली, लाकडी ठोकळा धरून वरून हातोडी मारली तर बुश सरळ खाली निघालं. उभे खाचे त्यासाठीच होते, ते बुशला फिरू देत नाहीत पण खाली सरकू देतात. वर-खाली धरून ठेवायचं काम कॉलरच्या स्क्रूंचं. पुढच्या वेळी बुश बदलायचं झालं तर नळी फोडायला नको.

9 जुलै

दुसरी पद्धत. नळीच्या भिंतीत बोटीच्या आतल्या बाजूने दोन भोकं, एक बुशच्या तळाशी, एक समोरच्या बाजूला माथ्याशी. खालची फट मुलांच्या मातकामाच्या क्लेने बंद. मोठ्या सिरिंजने, गुरांना लस टोचायची तसली, मिश्रण खालच्या भोकातून आत दाबत राहिलो, वरच्या भोकातून बुडबुड्याशिवाय सलग बाहेर येईपर्यंत. मिश्रण या वेळी थोडं सैल ठेवलं, दह्याइतकं. खालून वर भरलं की हवेला निघून जायला वाट मिळते.

ठोकून बघितलं, चारही बाजूंनी भरीव. सुरुवातीपासून असंच करा.

13 जुलै

शीट काढली, मेण पुसलं, पोस्ट चढवली. बोटाने ढकललं तरी पातं फिरतं आणि सोडलं की थांबतं, कुठेही अडकत नाही. वरच्या कॉलरखाली अॅसिटलचा वॉशर टाकून उभा खेळ अर्ध्या मिलिमीटरवर आणला. वरच्या ग्लँडची (पोस्टभोवती आवळता येणाऱ्या कड्याची) पॅकिंगही बदलली. ग्लँड आवळून खेळ काढायचा प्रयत्न बरेच जण करतात. पॅकिंगचं काम पाणी अडवणं आहे. आवळून टिलर जड होतो, ठक्ठक् तशीच राहते आणि पोस्टवर चरा पडतो.

पात्याच्या टोकाला खेळ 1.5 मिलिमीटर. हिशोबाने 1.2 यायला हवा होता. 0.3 चा फरक पट्टीने वाचण्यात आणि फायबरच्या लवण्यात जातो, त्याच्या मागे लागलो नाही.

वाहतूक-हायड्रा सोडून एकूण खर्च साडेअकरा हजार. त्यात बुशचे फक्त 3,300. बाकी सगळं नळीच्या सांध्यावर गेलं: इपॉक्सी, कापड, प्लाय, ग्राइंडरच्या डिस्क, मास्क.

24 सप्टेंबर

घाट मोकळा झाल्यावर बोट रत्नागिरीला नेली आणि भरतीला पाण्यात सोडली. पहिले दोन तास लॉकर उघडा ठेवून सांध्यावर टॉर्च मारत बसलो. कोरडा. ग्लँडमधून थेंब येत होता, पाव फेरा आवळल्यावर थांबला.

2 नोव्हेंबर

महिनाभर बोट चालवली, त्यात एकदा मागून चांगली लाट होती. आवाज नाही, टिलर हलका. ओहोटीला बोट वाळूवर बसवून टोकाचा खेळ पुन्हा मोजला: 1.6. लॉकरमध्ये त्रिकोणांच्या कडांना केसासारखीही भेग नाही. वॉशर मात्र एका बाजूने थोडा जास्त घासलाय, म्हणजे वरची कॉलर पूर्ण काटकोनात नाही. मेमध्ये बोट वर आली की कॉलर कुपवाडला नेऊन फेस मारून (लेथवर तोंड सपाट करून) घ्यायची आहे.